पेट्रोल भरताना नोझल सारखा कट होतो: तपासणी कुठून सुरू करायची

टाकी पावसुद्धा भरलेली नाही आणि पंपाचा नोझल खट् करून बंद होतो. पुन्हा दाबला की दोन-तीन लिटर जातात, पुन्हा खट्. शेवटी पंपावरचा माणूस नोझल अर्धवट दाबून, वाकून, बारीक धारेने भरत बसतो आणि मागे रांग वाढत जाते. ही तक्रार घेऊन जे येतात, त्यांनी बहुतेक वेळा आधीच दोन-तीन पंप बदलून पाहिलेले असतात, झाकण नवीन आणलेलं असतं, आणि एखाद्याला तर टाकीतला फ्युएल पंप बदलण्याचा सल्लाही मिळालेला असतो. त्या पंपाचा इथे काडीचाही संबंध नाही. त्याचं काम टाकीतून इंजिनापर्यंत पेट्रोल पोहोचवणं, टाकीत येणाऱ्या पेट्रोलशी त्याला देणंघेणं नसतं. झाकणाचंही तसंच: भरताना ते काढूनच ठेवलेलं असतं, मग ते नोझल कट कसा करणार?

पेट्रोल आत येतं तेवढी हवा टाकीतून बाहेर जायला हवी. ती कुठेतरी अडते आहे. कुठे, एवढंच शोधायचं असतं. मात्र क्रमाने शोधलं नाही तर खर्च भलत्याच जागी होतो.

लक्षणं नीट ओळखा

नोझल कट होतो हे झालं मुख्य लक्षण, पण त्याच्या आजूबाजूला काय घडतं त्यावर पुढची दिशा ठरते. म्हणून गाडीला हात लावण्याआधी मी हे प्रश्न विचारतो.

एकाच पंपावर होतं की सगळीकडे? एकाच ठिकाणी होत असेल तर गाडी निर्दोष आहे.

टाकी रिकामी असतानाही होतं, की पाऊण भरल्यावरच? रिकाम्या टाकीतही होत असेल तर हवेचा रस्ता जवळपास बंद आहे. फक्त शेवटच्या टप्प्यात होत असेल तर टाकी खरंच भरत आलेली असू शकते. इंधनाचा काटा दर वेळी तंतोतंत खरा नसतो.

नोझल कट होताना पेट्रोल तोंडातून बाहेर उडतं का? उडत असेल तर अडथळा बहुधा टाकीच्या तोंडापासून आत जाणाऱ्या जाड नळीत किंवा तिच्या टोकाच्या झडपेत असतो.

अर्धा-पाऊण तास गाडी चालवून झाकण हळू उघडलं तर काय ऐकू येतं? क्षणभर 'फुस्स' झालं तर चिंता नको, उन्हात तर ते होणारच. पण बाहेरची हवा जोरात आत खेचली जात असेल आणि तो आवाज काही सेकंद चालू राहत असेल, तर टाकीला श्वास घ्यायला जागा उरलेली नाही.

टाकी भरल्यावर लगेच गाडी स्टार्ट व्हायला त्रास देते का? सेल्फ बराच वेळ फिरतो, अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर कशीबशी चालू होते आणि थोडं अंतर थरथरते, हे वर्णन जुळलं तर पर्ज व्हॉल्व्हकडे, म्हणजे पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणाऱ्या झडपेकडे, बोट जातं. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

आणि सगळ्यात उपयोगी प्रश्न: हे कधीपासून सुरू झालं? चिखलातून लांबचा प्रवास झाल्यावर, खालून प्रेशरने धुतल्यावर, मागच्या बाजूला ठोकल्यावर, की टाकी उतरवून काही काम झाल्यावर? या उत्तरावरच बऱ्याचदा अर्धा शोध संपतो.

नोझलला कसं कळतं

नोझलच्या टोकाजवळ, नळीच्या खालच्या बाजूला, एक बारीक छिद्र दिसेल. त्याच्यामागे नोझलच्या आतून एक बारीक नळी हँडलपर्यंत गेलेली असते. पेट्रोल वाहत असताना हँडलमधल्या अरुंद भागात ओढ तयार होते आणि त्या छिद्रातून सतत हवा आत खेचली जाते. टाकी भरली की पेट्रोल छिद्रापर्यंत येतं, हवा मिळेनाशी होते, ओढ एकदम वाढते, आतला पडदा सरकतो आणि खटका सुटतो. हे सगळं यांत्रिक आहे. वीज नाही, सेन्सर नाही.

म्हणजे नोझलला टाकी किती भरली हे कळतच नाही. छिद्र पेट्रोलने झाकलं गेलं, इतकंच त्याला समजतं. अरुंद तोंडाच्या बाटलीत नरसाळं घट्ट बसवून पाणी ओतलं की हवेला वाट मिळत नाही आणि पाणी नरसाळ्यातच तुंबतं, अगदी तसंच पेट्रोल टाकीच्या तोंडात तुंबतं आणि छिद्र झाकतं. साध्या पंपावर मिनिटाला ३० ते ४० लिटर वेगाने पेट्रोल येतं, तेव्हा त्याच वेगाने हवाही निघायला हवी. रस्ता थोडा जरी चोंदला तरी ते जमत नाही.

ही हवा पेट्रोलच्या वाफेने भरलेली असते, म्हणून ती सरळ वातावरणात सोडत नाहीत. काही गाड्यांत ती जाड नळीशेजारच्या बारीक नळीतून वर तोंडाशी येते. काही गाड्यांत जाड व्हेंट नळीतून कोळशाच्या डब्यात, म्हणजे चारकोल कॅनिस्टरमध्ये जाते. तिथे वाफ कोळशाला चिकटते आणि स्वच्छ हवा व्हेंट व्हॉल्व्हमधून बाहेर पडते. नंतर गाडी चालू असताना इंजिन पर्ज व्हॉल्व्हमधून ती वाफ ओढून जाळतं. अमेरिकेत असे डबे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून आहेत आणि भरतानाची सगळी वाफ डब्यात घेणारी रचना तिथल्या कारमध्ये १९९८ च्या मॉडेलपासून टप्प्याटप्प्याने आली.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

पहिली तपासणी पंपावरच करा. नोझल पाव वळण फिरवून धरा, मग अर्धं वळण. मग पूर्ण आत असलेला नोझल बोटभर बाहेर ओढून पाहा. काही गाड्यांत टाकीच्या तोंडाची नळी आत लगेच वळते आणि धार समोरच्या भिंतीवर आपटून छिद्रावर उडते. कोन बदलल्यावर प्रश्न सुटत असेल तर दुरुस्तीची गरज नाही. त्याच वेळी वेगाची परीक्षाही घ्या. खटका सर्वात कमी दाबावर ठेवून सलग भरलं जातं का? जात असेल तर हवेचा रस्ता अरुंद झालाय, पण बंद नाही. अगदी बारीक धारेतही कट होत असेल तर तो जवळपास पूर्ण बंद आहे. ही एक गोष्ट लक्षात ठेवून मेकॅनिकला सांगितलीत तरी त्याचा बराच वेळ वाचतो.

डिझेल गाडीत कोळशाचा डबा नसतो, पण डिझेलला फेस येतो आणि तो फेसही छिद्र झाकतो. तिथे आधी वेग कमी करून, कट झाल्यावर थोडं थांबून पाहा. ट्रकसाठीचा जाड, वेगवान नोझल असलेल्या पॉइंटवर कार लावली तर कट होणारच.

आता सवयीची गोष्ट. पहिल्यांदा खट् झाल्यावर तुम्ही 'अजून थोडं घाला' म्हणता का? रक्कम पूर्ण करायला किंवा टाकी काठोकाठ भरायला? हा दोष पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या गाड्यांमध्ये मला ही सवय फार आढळते. टाकीत वरची थोडी जागा मुद्दाम रिकामी ठेवलेली असते. पेट्रोल गरम झालं की फुगतं: ४० लिटर पेट्रोलचं तापमान २० अंशांनी वाढलं तर ते साधारण पाऊण लिटरने वाढतं. ती जागा आपण भरून टाकली की द्रव पेट्रोल व्हेंट नळीतून कोळशाच्या डब्यात शिरतं. कोळसा वाफ धरायला असतो, द्रव त्याला सोसत नाही. तो भिजतो, त्याचे दाणे फुटतात आणि भुकटी पुढच्या व्हॉल्व्हमध्ये जाते. म्हणून दुरुस्ती करून दिल्यावर मी हे आवर्जून सांगतो: पहिला खट् झाला की थांबायचं. टाकीत मावणारं दीड-दोन लिटर जास्तीचं पेट्रोल नव्या डब्याच्या खर्चापुढे काहीच नाही.

पुढची जागा म्हणजे झाकणाभोवतीचा खळगा. धुताना तिकडे कोणी बघत नाही. बाहेरची पट्टी उघडा आणि खळग्याच्या तळाशी छोटं छिद्र किंवा रबरी नळीचं तोंड शोधा. पडलेलं पेट्रोल आणि पावसाचं पाणी तिथून खाली निघून जावं म्हणून ते असतं. धूळ आणि सांडलेलं पेट्रोल मिळून तिथे काळा, चिकट थर बसतो आणि छिद्र बुजतं. मग धुतल्यावर खळग्यात पाणी साचतं आणि झाकण उघडताच तेच पाणी टाकीत उतरतं. थोडं पाणी खळग्यात ओतून ते खाली गळतं का बघा (झाकण अर्थातच घट्ट बंद हवं). गळत नसेल तर प्लास्टिकची केबल टाय हळूच आत-बाहेर करा. तार घालू नका, रबरी नळी फाटते. खळगा ओल्या फडक्याने पुसून काढा. झाकणाचं रबर बोटाने फिरवून बघा: चीर, कडकपणा किंवा चपटा झालेला भाग दिसला तर झाकण बदला. त्याने कट होणं थांबणार नाही, पण पेट्रोलचा वास आणि चेक इंजिनचा दिवा या दोन्हींची कारणं अनेकदा तिथे सापडतात.

मग टाकीचं तोंड. मोकळ्या हवेत, थंड गाडीवर, चांगली टॉर्च घेऊन आत बघा. लायटर, काडी किंवा उघडा बल्ब जवळपासही नको. आतली लहान पट्टी दाबून सोडली की झटकन परत येते का? गंज, लोंबणारं रबर, कापडाचा तुकडा, जाळीवर बसलेला गाळ काही दिसतं का? हाताला लागेल ते काढा, पण कशानेही आत टोचू नका. ढकललेली वस्तू थेट झडपेत जाऊन अडकते.

गाडीखाली जाण्याआधी

इथपासून पेट्रोलच्या वाफेशी गाठ आहे. ती हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, जमिनीलगत पसरते आणि उणे ४० अंशांच्या आसपासच्या थंडीतही ठिणगी मिळाली की पेटू शकते. म्हणून बंद गॅरेजमध्ये किंवा खड्ड्यात हे काम करायचं नाही. गाडी सपाट जागेवर, इंजिन पूर्ण थंड, टाकी अर्ध्यापेक्षा कमी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही, स्टँड लावायचेच. कुठलीही नळी तोंडाने फुंकायची किंवा ओढायची नाही. हातपंप किंवा रबरी फुगा वापरा. हे सगळं जमण्यासारखं नसेल तर इथेच थांबा. वरच्या तपासण्यांची माहिती मेकॅनिकला दिलीत तरी ती पुष्कळ आहे.

व्हेंटचा फिल्टर

रिकाम्या टाकीतही कट होत असेल आणि चिखल किंवा प्रेशर वॉशचा इतिहास असेल तर मी सरळ इथे जातो, आणि बहुतेकदा इथेच काम होतं.

कोळशाच्या डब्याचं एक तोंड बाहेरच्या हवेत उघडतं. त्यावर व्हेंट व्हॉल्व्ह असतो आणि त्याच्या टोकाला नळी किंवा लहान फिल्टर. अनेक गाड्यांत हे मागच्या चाकाजवळ, टाकीच्या वर किंवा शेजारी असतं. म्हणजे चाकाने उडवलेली सगळी घाण तिथे पोहोचते. फिल्टरची डबी उघडली की आत काय निघतं ते एकदा बघण्यासारखं असतं: वरचा अर्धा भाग फोमच्या मूळ रंगाचा आणि खालच्या भागात दाबून बसलेला, वाळून भेगा पडलेला मातीचा थर, बोटाने टकटक केलं तर कडक लागणारा. तो थर ओला होता तेव्हा थोडी हवा जात होती. वाळला आणि रस्ता बंद झाला. म्हणून मालक सांगतो की पावसात ठीक होती, नंतर बिघडली.

माती नसेल तर किडे. कुंभारमाशी अशा नळ्यांत मातीचं घरटं करते आणि कोळी जाळं विणतात. याला किरकोळ समजू नका. २०११ मध्ये माझदाने आपल्या 'माझदा ६' गाड्या परत बोलावल्या होत्या, कारण कोळ्यांच्या जाळ्यांनी डब्याची हवेची नळी बंद होऊन टाकीत पोकळी निर्माण व्हायची आणि टाकीला चीर जाण्याचा धोका होता. २०१४ मध्ये याच कारणासाठी पुन्हा बोलवाव्या लागल्या.

नळीचं बाहेरचं टोक सोडवा, हातपंपाने नळीतून हवा सोडून बघा. गाडी बंद असताना व्हेंट व्हॉल्व्ह उघडाच असतो, तेव्हा हवा सहज जायला हवी. फिल्टर काढून कोरड्या ब्रशने साफ करा, फारच भरला असेल तर बदला. कॉम्प्रेसरची हवा मारायची असेल तर सुटा काढलेल्या भागावरच, जोडलेल्या नळीत कधीच नाही. तो दाब थेट डब्यात आणि टाकीत जातो. फिल्टर आणि नळी मोकळी असून हवा अडत असेल तर व्हॉल्व्ह बंद अवस्थेत अडकलाय. व्हॉल्व्ह सुटा मिळत असेल तर तो बदलणं अवघड नाही.

आणि पुढच्या वेळी धुताना प्रेशरची धार मागच्या चाकाच्या वरच्या कोपऱ्यात, टाकीच्या कडेला रोखून धरू नका. चिखल काढायचाच असेल तर साध्या पाइपने, दुरून, भिजवून काढा.

नळ्या

टाकी उतरवून काम झाल्यावर त्रास सुरू झाला असेल तर फिल्टरच्या आधी नळ्या बघा. टाकी परत बसवताना व्हेंट नळी टाकी आणि बॉडीच्या मध्ये दबते. बाहेरून ती जोडलेली दिसते, पण वळणावर चपटी झालेली असते. मागून ठोकलेल्या गाडीत तोंडाची धातूची नळी वाकलेली असू शकते. चाकाजवळचं प्लास्टिकचं आवरण काढलं की दोन्ही नळ्या दिसतात. जाड नळीवर बोट फिरवताना भेग किंवा ओलसरपणा लागला तर गाडी वापरू नका.

पर्ज व्हॉल्व्ह

टाकी भरल्यावर स्टार्टिंगचा त्रास असेल तरच याकडे वळा. हा व्हॉल्व्ह इंजिनच्या बाजूला असतो आणि इंजिन बंद असताना पूर्ण बंद असायला हवा. तो उघडा अडकला की टाकी भरताना बाहेर येणारी वाफ इंजिनात जाऊन साठते, मिश्रण गरजेपेक्षा दाट होतं आणि गाडी स्टार्ट होत नाही. थंड, बंद इंजिनावर डब्याकडून येणारी नळी काढून हातपंपाने व्हॉल्व्हमधून हवा जाते का पाहा. गेली तर व्हॉल्व्ह खराब. तो साफ करून चालवण्यात अर्थ नाही, बदलाच. मात्र त्यातून कोळशाचे काळे दाणे पडले तर नवीन व्हॉल्व्हही टिकणार नाही, कारण डबा फुटलेला आहे.

इथे थांबायचं

डबा काढल्यावर जड लागला, हलवल्यावर आत पेट्रोल डुचमळलं किंवा तोंडातून टपकलं तर तो गेला. उन्हात वाळवणं, गरम हवा मारणं असले उपाय करू नका, त्यात आग लागण्याचा खरा धोका आहे. बदली काम गॅरेजमध्येच करून घ्या.

टाकीच्या आतल्या झडपा, म्हणजे गाडी उलटली तर पेट्रोल बाहेर येऊ नये म्हणून असलेली आणि टाकी भरल्यावर व्हेंट बंद करणारी, यांच्यापर्यंत जायचं तर टाकी उतरवावी लागते. ते घरी करायचं काम नाही. सगळ्या बाहेरच्या तपासण्या ठीक असून कट होणं थांबत नसेल तर दोष बहुधा तिथे असतो.

खाली पेट्रोल टपकत असेल, गाडीत बसल्यावर वास येत असेल, टाकीचा आकार बदललेला दिसत असेल, तर एकही तपासणी न करता व्यावसायिकाला बोलवा. गाडी चालवत नेऊ नका, उचलून न्या. गॅसवर चालणाऱ्या गाडीच्या गॅसच्या बाजूला हात लावू नका. प्लग-इन हायब्रिड गाड्यांत टाकी दाबाखाली बंद ठेवलेली असते. तिथे आधी बटण दाबून दाब उतरेपर्यंत वाट बघावी लागते, झाकणावरची बाहेरची पट्टी जोर लावून उघडू नका.

गॅरेजमध्ये गेल्यावर 'पेट्रोल भरत नाही' एवढंच सांगू नका. किती वेगावर कट होतं, कुठल्या पातळीला, झाकण उघडताना हवा आत जाते की बाहेर येते, आणि कुठल्या कामानंतर सुरू झालं ते सांगा. चेक इंजिनचा दिवा लागला असेल तर कोड वाचायला सांगा: पी ०४४६ हा व्हेंटकडे, पी ०४४१ आणि पी ०४९६ पर्जकडे, पी ०४५५ मोठ्या गळतीकडे आणि पी ०४५७ बहुतेकदा सैल झाकणाकडे बोट दाखवतो. गळतीचा संशय असेल तर स्मोक टेस्ट करून घ्या. कमी दाबाने धूर सोडतात आणि तो जिथून निघतो ती जागा डोळ्यांनी दिसते. ही टेस्ट न करता कोणी अंदाजाने डबा, व्हॉल्व्ह आणि नळ्या एकदम बदलायला सांगत असेल तर आधी दुसऱ्या गॅरेजमध्ये दाखवा.